शिवपुत्राला मुलगी नव्हती

दुपारी एकच्या सुमारास रुद्रप्पा नवी पेठेतलं खणांचं दुकान नोकरावर सोडून घरी जेवायला येत, आणि पाटावर बसायच्या आधी टीव्ही लावत. त्या दिवशीही पडद्यावर चार माणसं चार चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत होती. देशात घुसखोर किती आले, कोणाच्या राज्यात आले, कोणी मतांसाठी त्यांना पोसलं आणि कोण आता मतांसाठी त्यांना हाकलतोय. आठवडाभर हेच चाललं होतं. निवडणूक जवळ आली होती, मतदार यादीची पडताळणी निघाली होती, आणि चौकाचौकांत ‘बाहेरचे हटवा’ असे फलक लागले होते.

“घालवून द्यायला पायजेत की समद्यास्नी,” त्यांची बायको सुंदरम्मा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “आपल्या पोरास्नी कामं न्हाईत, आन ह्ये कुटनं कुटनं येत्यात.”

“व्हय व्हय, चटणी वाढ,” रुद्रप्पा म्हणाले.

म्हणायला काय जातं! सुंदरम्मा छप्पन्न वर्षांची. त्यातली चौतीस वर्षं तिनं याच चुलीपाशी, नंतर याच शेगडीपाशी काढलेली. सोलापूरच्या बाहेर ती गेली असेल ती भीमेपलीकडं कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातल्या माहेरी, किंवा अक्कलकोटला. बाहेरचे म्हणजे कोण, हे तिला टीव्हीनं सांगितलं होतं आणि त्याहून जास्त तिच्या मुलानं, प्रभुनं. प्रभु वॉर्डातला कार्यकर्ता. शर्टाच्या खिशाला बिल्ला, मोबाईल सदा कानाला. संशयित मतदारांवर हरकती घ्यायचं काम पक्षानं त्याच्याकडं दिलं होतं, आणि पोरगा मन लावून ते करत होता.

त्याच भरात त्यानं महिन्यापूर्वी मागची खोली रिकामी करून घेतली. तिथं सराफाकडं काम करणारा एक बंगाली कारागीर राहायचा, सात वर्षं. जायच्या आदल्या दिवशी त्याची बायको प्लास्टिकच्या पिशवीत घरातले सगळे कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली होती. “दीदी, देखो ना. सब है.” सुंदरम्मानं पिशवी हातात घेतली, वरचा कागद उलटा धरून पाहिला आणि परत दिली. “मला वाचाय येत न्हाय गं बाई,” ती म्हणाली होती. ते खरंच होतं. तिची चार बुकं कानडीत झालेली. पण खरं बोलूनही माणूस अंग काढून घेतो, तसंच ते होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षात गाठोडी चढली. ती माणसं कुठं गेली, हे या घरात कोणी विचारलं नाही.

जेवणं उरकत होती तेवढ्यात कडी वाजली. सून शिवानी दार उघडायला गेली. पडताळणीच्या कामाला जुंपलेली एक शिक्षिका घामाघूम होऊन उभी होती. तिनं सही घेतली, कागद दिला आणि पुढच्या दाराकडं वळली.

शिवानी कागद वाचत वाचतच आत आली आणि मधल्या खोलीत थांबली.

“काय गं? लाईटबिल का?” सुंदरम्मानं विचारलं.

“आत्याबाई, तुमच्या नावाची नोटीस हाय. जन्म दुसऱ्या राज्यातला, आई-वडिलांशी नातं दाखवणारा पुरावा न्हाय, म्हणून हरकत आलीय. सोमवारी सुनावणी हाय.”

“माझ्यावर? कुनी घेतली हरकत?”

शिवानीनं खाली पाहिलं आणि कागद सासऱ्यांच्या हातात दिला. रुद्रप्पांनी चष्मा लावला. हरकत घेणाऱ्याच्या नावापुढं प्रभु रुद्रप्पा असं लिहिलं होतं, आणि सही त्यांच्या ओळखीची होती. दहावीच्या प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही करून शिकलेली ती वळणदार सही.

प्रभु संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. मग हळूहळू बसला. आईचा अर्ज त्यानंच भरला होता, जन्मगाव त्यानंच खरं खरं लिहिलं होतं. ज्यांचा जन्म राज्याबाहेरचा आणि आई-वडिलांचा पुरावा जोडलेला नाही, अशांची नावं कार्यालयातल्या संगणकानं काढली, आणि तो गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला. चहा पीत पीत त्यानं दीडशे सह्या केल्या. नावं वाचत बसला असता तर चहा गार झाला असता.

“अव्वा, काळजी करू नको,” तो म्हणाला. “तुझ्या शाळेचा दाखला आणला की झालं.”

“शाळेच्या दाखल्यावर माझं ह्ये नाव न्हाय बाबा.”

हे मात्र प्रभुला माहीतच नव्हतं. सव्वीस वर्षांचा झाला, तरी आईला कधीकाळी दुसरं नाव होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि यात त्या पोराचाच काही विशेष दोष आहे असं नाही. कोणत्या घरात ठाऊक असतं?

तिचं नाव ईरम्मा. शिवपुत्राची मुलगी ईरम्मा. पण तिच्या सासूचंही नाव ईरम्माच होतं, आणि सासूच्या नावानं सुनेला हाका कशा मारायच्या, रागवायचं कसं? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि रुद्रप्पांनी अंगठीनं त्यात नवं नाव काढलं. अक्षरं मराठी होती. नव्या नवरीला ती वाचता येईनात. शेजारी बसलेल्या बाईला तिनं हळूच विचारलं, “काय लिवलंय वो?” बाई हसली आणि म्हणाली, “तूच की. सुंदरम्मा.” माहेरी कोणी तिला सुंदर म्हटलं नव्हतं, तेव्हा तिला थोडा आनंदही झाला होता. तो दिवस संपला तशी ईरम्माही संपली, आणि कोणी रडलं नाही, कारण रडण्यासारखं काही झालंय असं कोणालाच वाटलं नाही.

आणि सासू झाल्यावर सुंदरम्मानंही हेच केलं. सून आली ती ऋतुजा होती. “जीभ वळत न्हाय माझी,” म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिनंच तिचं शिवानी केलं. राजपत्रात नाव बदलण्याचा अर्जही भरून ठेवला होता. टीव्हीखालच्या फळीवर तो पाकिटात पडून होता, प्रभुला देऊन यायला सवड मिळत नव्हती म्हणून.

दुसऱ्याच दिवशी प्रभु मोटारसायकलवर आजोळी गेला आणि शाळेतून दाखला घेऊन आला. ईरम्मा, वडील शिवपुत्र. चौथी पास. बरोबर तलाठ्याकडून जमिनीचा उताराही आणला. आजोबांच्या वारसांत आईचं नाव असणार, नवऱ्याच्या नावासकट असणार, म्हणजे ईरम्मा तीच सुंदरम्मा हे आपोआप सिद्ध होईल, असा त्याचा हिशेब. कागद सरकारी कानडीत होता, सुंदरम्माच्या चार बुकांना न पेलणारा, आणि प्रभुनं तो न वाचताच त्याची प्रत कार्यालयात जोडूनही टाकली होती. दुकानात शेजारच्या व्यापाऱ्याकडून रुद्रप्पांनी तो वाचून घेतला. शिवपुत्र यांना पत्नी आणि एकच मुलगा. मुलगी कोणीच नाही.

“असं कसं?” प्रभु म्हणाला.

सुंदरम्मा शेंगदाणे पाखडत होती. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

“मीच सांगितलं हुतं, नगं घालू म्हणून. अप्पा गेलं तवा मल्लू म्हनला, अक्का, तुझं नाव घातलं तर सारकं सह्येला यावं लागंल, तुला तरास. शेजारनी म्हनल्या, भावाच्या जमिनीत वाटा मागती ती कसली भैन. माहेरचा उंबरा राहू दे, मी म्हनलं, बाकी काय नगं.” आणि उंबरा राहिला होता. दर पंचमीला साडी येत होती. भाऊ तिला विसरला नव्हता, फक्त तिला वारसांच्या यादीत लिहिलं नव्हतं. हेच या रीतीचं विष आहे. ती प्रेमानं मागते, आणि बाई प्रेमानं देते.

“आजी आता न्हाईत, पण मामांनी एक प्रतिज्ञापत्र दिलं तर होईल की,” शिवानी म्हणाली. “ही माझी सख्खी भैन, लग्नानंतर नाव बदललं, एवढंच.”

फोन लावला. बहीण-भाऊ कानडीतच बोलायचे, आणि आज दोघंही हळू बोलत होते. मल्लूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, वकिलाला विचारलं मी. प्रभु येऊन गेला तवाच विचारलं. आता लिहून दिलं की तू भैन, तर आधी खोटं लिहून दिलं असं होतंय. माझ्यावर केस होईल.”

“मला जमीन नको रे मल्लू. त्येबी लिहून देते.”

“तुला नको असंल. उद्या प्रभु मागंल, त्याची पोरं मागतील. माझी पोरं ऐकंनात, अक्का.” मग त्यानं आवाज आणखी उतरवला. “तब्येत सांभाळ. पंचमीला साडी पाठवतो.”

सुंदरम्मानं फोन ठेवला. भाऊ वाईट होता का? नव्हता. लहानपणी विहिरीवर तिनं त्याला कडेवर नेलं होतं, आणि ते तो आजही सांगायचा. पण सांगणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं.

सोमवारी सात रस्त्याजवळच्या कार्यालयात ती चौघं गेली. जिन्यापासून रांग लागली होती, आणि शिवानीनं जी गोष्ट पाहिली ती सासूच्या कानात सांगितली, “आत्याबाई, बघा की. सगळ्या बायकाच हाईत.” खरंच होतं. तेलुगू बोलणाऱ्या, दखनी बोलणाऱ्या, खेड्यातून आलेल्या, नऊवारीतल्या, बुरख्यातल्या. पुरुष होते ते सोबत आलेले. पुरुषाचं नाव कोणी तांदळात बदलत नाही, आणि जन्माचं घर सोडून त्याला कोणी दुसऱ्या गावी लावून देत नाही.

साहेब तरुण होता, सकाळपासून बसून त्याचे डोळे लाल झाले होते. आवाज चढा नव्हता.

“हा दाखला ईरम्माचा आहे. तुम्ही सुंदरम्मा.”

“तीच मी, सायेब.”

“त्याचा पुरावा?”

“मी हाय की,” रुद्रप्पा पुढं झाले. “मीच नाव बदललं. माझ्या हातानं लिहिलं.”

“कशावर लिहिलंत?”

“ताटात. तांदळावर.”

रांगेत कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही. “मग त्याचा काही फोटो, कागद?”

“त्या तांदळाची खीर केली वो, सायेब,” सुंदरम्मा म्हणाली.

साहेबानं उताऱ्याचं भाषांतर उलटून पाहिलं. “आणि यात तर शिवपुत्र यांना मुलगीच नाही. आजोबांचा हा कागद तुम्हीच जोडलाय?” त्यानं प्रभुला विचारलं.

“मीच जोडला,” प्रभु म्हणाला. “साहेब, हरकत माझीच आहे. मी मागं घेतो. आत्ता लिहून देतो.”

“तुम्ही मागं घ्याल. पण चौकशी एकदा उघडली की ती मी तशीच बंद करू शकत नाही. वर तपासणी होते.” मग त्यानं बिल्ल्याकडं पाहिलं. “बाकीच्या हरकती पण तुमच्याच ना? दीडशे? त्या लोकांना भेटला होता का?”

प्रभुनं बिल्ल्यावर हात धरला. सुंदरम्मानं कागद पिशवीत परत भरले. पिशवी प्लास्टिकची होती, आणि ती भरताना तिला दाराशी उभी राहिलेली ती बाई आठवली. आपण कागद उलटा धरला होता, हेही आठवलं. साहेबानं निदान कागद सुलटा धरून वाचला होता.

नाव वगळलं. वर दाद मागता येईल, असं साहेबानं सांगितलं, आणि पुढच्या बाईला बोलावलं.

“आता मी कुटं जायाचं, सायेब?” सुंदरम्मानं विचारलं.

“घरी जा, मावशी. कुठं जायची गरज नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्याकडं सांगण्यासारखं तेवढंच होतं.

घरी आल्यावर रुद्रप्पांनी सवयीनं टीव्ही लावला, चौकटींतली माणसं ओरडायला लागली, आणि त्यांनी तो लगेच बंद केला. टीव्हीचं बटण दाबताना खालच्या फळीवरचं पाकीट जमिनीवर पडलं. सुंदरम्मानं ते उचललं.

“ह्येच का त्ये, नाव बदलायचं?”

“व्हय,” प्रभु म्हणाला. “उद्याच देऊन येतो, अव्वा. राजपत्रात आलं म्हणजे पुरावा राहतो. तुझ्यासारखं व्हायला नको.”

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. कायद्यानं पाहिलं तर शहाणपणाचंच बोलत होतं. सुंदरम्मा पाकीट हातात घेऊन बसली. स्वतःसाठी तिला काहीच करता येत नव्हतं. वर दाद मागावी तर भाऊ लिहून देणार नव्हता, तांदूळ सापडणार नव्हते, आणि ईरम्माला ओळखणारी माणसं एकेक करून संपत चालली होती. हे सगळं तिला चांगलं कळत होतं. तिनं पाकीट मधोमध फाडलं, मग पुन्हा फाडलं.

“अव्वा! अगं पुरावा—”

“पुरावा कशाला पायजे? तिला नाव हाय की.”

तुकडे प्रभुनं वेचले नाहीत, आणि आईनंही वेचले नाहीत. तिनं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, “रु... रुतुजा.”

आत भांड्यांचा आवाज चालूच राहिला. आठ महिन्यांत या घरात त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. ते आता फक्त माहेरच्या फोनवरच ऐकू यायचं.

“ऋतुजा,” सुंदरम्मानं पुन्हा हाक मारली. जीभ अडखळली, पण वळली.

भांड्यांचा आवाज थांबला. मग ओल्या हातांनी पोरगी दारात येऊन उभी राहिली, तिनं सासूकडं पाहिलं, आणि कोणाला बोलावलं हे कळत नसल्यासारखं एकदा मागं वळून पाहिलं.