अडतीस सेकंदांची धून

आमच्या इंटरनेट रेडिओच्या मालकांना आम्ही सगळे स्टेशनमास्तर म्हणतो. त्यांनी एक यंत्रणा बसवली आहे. कार्यक्रमात सलग पंधरा सेकंद शांतता झाली, की ती निवेदकाला बाहेर काढते आणि राखीव गाणी सुरू करते. परत आत यायची सोय नाही. दीड महिन्यात तिने मला तीनदा बाहेर काढलं. तिन्ही वेळा कारण एकच: आमची ठकी, वय महिने आठ.

चौथ्यांदा असं झालं तर बुधवारी तीन ते चारची माझी वेळ कुंडीतली बाग शिकवणाऱ्या गृहस्थांना जाईल, असं स्टेशनमास्तरांनी कळवलं होतं. खाली ‘मला वाईट वाटतंय’ असंही लिहिलं होतं. वाईट वाटून घेणारी माणसं शब्दाची पक्की असतात, म्हणून मला जास्त धास्ती.

माझा कार्यक्रम जुन्या व्हिडिओ गेममधल्या संगीताचा. यंत्राला एका वेळी तीनच सूर काढता यायचे, त्या काळातलं संगीत. ऐकणारे चाळीस-पंचेचाळीस, पण निष्ठावंत. आठवड्यात मी मोठ्या माणसांसारखं बोलते ते त्या एका तासात. बाकी सगळं ‘आ कर’ आणि ‘तोंडातलं काढ’.

त्या बुधवारी एक वयस्कर संगीतकार फोनवर येणार होते. आजवर कुणालाही मुलाखत न दिलेले. “वीस मिनिटं. एकविसाव्याला मी फोन ठेवणार,” असं बजावून ते तयार झाले होते.

खेळातल्या धुनेला शेवट नसतो. खेळणारा आहे तोवर ती गोल फिरत राहते. म्हणून रेडिओवर आमची रीत अशी, की दोन फेऱ्या वाजवायच्या आणि आवाज हळूहळू उतरवायचा. संगीतकारांच्या एका धुनेच्या माझ्याकडे दोन फाइली होत्या. एक दोन फेऱ्यांची, रेडिओसाठी. दुसरी तासभर फिरणारी, ठकीला झोपवण्यासाठी.

पावणेतीनला ठकी झोपली. मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. मग परत पाहिला. तेवढ्यात सासरे चपला घालताना दिसले.

“बाबा, आत्ता कुठे?”

“न्हाव्याकडे.”

“आजच?”

“केसांना काय सांगू, बुधवार आहे, वाढू नका?”

गेले.

मी कपड्यांच्या कपाटाच्या उघड्या दारात टेबल मांडून बसते. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. संगीतकार फोनवर वेळेवर आले.

“ही धून सुचली कशी?”

“सुचली नाही. करा म्हणाले, केली.”

“किती दिवस लागले?”

“आठवत नाही.”

दहा मिनिटांत माझे प्रश्न संपत आले आणि पलीकडच्या खोलीतून ठकीने पहिला सूर लावला. तिचं रडणं पायरी-पायरीने चढतं. “आता ती धूनच ऐकू या,” म्हणत मी बटण दाबलं, हेडफोन टेबलावर टाकले आणि धावले.

फोन खिशात होता, त्यावर आमचंच प्रक्षेपण लावून एका कानात घातलं. ते वीस सेकंद मागे असतं. म्हणजे मला ऐकू येईतो जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. काळजी करणाऱ्या बाईला याहून वाईट शिक्षा नाही.

ठकीला खांद्यावर घेऊन बसले. दोन फेऱ्या झाल्या. आता आवाज उतरायला हवा. उतरला नाही. तिसरी फेरी सुरू झाली. चौथी. घाईत मी ठकीची फाइल लावली होती आणि माइकही चालूच ठेवला होता.

ठकीचे डोळे अर्धे मिटलेले. उठावं तर ती पहिल्या पायरीवर येणार, न उठावं तर पाहुणा जाणार.

“हॅलो?” कानात संगीतकार. “बाई, दोनच फेऱ्या वाजवता ना तुम्ही?” मग, “गेल्या वाटतं.”

संपलं, म्हटलं. एवढ्यात बाहेर कडी वाजली. सासऱ्यांची पावलं माझ्या टेबलाकडे गेली. आणि वीस सेकंदांनी कानात:

“हॅलो! कोण बोलतंय? हेडफोनमधून आवाज येतोय.”

“मी संगीतकार. आपण?”

“मी घरचा. सून कुठंय?”

“बाळ रडलं, तशा गेल्या.”

“मग विसरा. ते झोपलं तरी ही नाकाशी बोट धरून बसते.”

चाळीस-पंचेचाळीस निष्ठावंतांना आता हेही कळलं.

“ही टिंगटिंग तुमची का हो?”

“माझी.”

“आमच्याकडे दिवसातून दोनदा असते. नात यावर झोपते.”

संगीतकार गप्प झाले. मी मनात मोजायला लागले, मग लक्षात आलं, धून चालूच आहे. शांतता नाहीच.

“वैताग नाही येत?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या आठवड्यात आला. आता दाढी करताना तोंडात येते.”

संगीतकार हसले. पहिल्यांदाच. “अडतीस सेकंदांची आहे ती. मी सलग चारशे वेळा ऐकली. ज्या सुराचा कंटाळा आला तो काढला. उरलं ते हे. खेळणारा खेळ थांबवून जेवायला गेला की ही लागायची. कंपनीचे मालक म्हणाले, ऐकायला कुणी नसताना एवढी मेहनत कशाला? मी म्हटलं, घरात दुसरं कुणीतरी असेलच की.”

“असतं ना,” बाबा म्हणाले. “मी असतो.”

ठकी झोपली. मी हलले नाही. खरं सांगायचं तर हलावंसं वाटेना. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. “तीनच सूर? आमच्या पंख्याचेसुद्धा चार आवाज आहेत,” असं बाबा म्हणत होते आणि संगीतकार पंख्याबद्दल बारकाईने विचारत होते.

चारला पाच कमी असताना ठकीला खाली ठेवलं, बोट एकदाच धरलं आणि आत गेले. बाबांच्या कॉलरवर कापलेले केस, डोक्यावर वाकडे हेडफोन. मला पाहून त्यांनी हातानेच थांब म्हटलं. निरोप त्यांनीच घेतला.

स्टेशनमास्तरांचा संदेश आला: ‘आज शांतता शून्य सेकंद. वेळ तुमचीच. बागवाल्यांना कळवतो. ते आजोबा दर आठवड्याला असतात का?’

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी तो हातभर लांब नेऊन वाचला.

“मी काय रिकामा बसलोय?” म्हणाले आणि आरशापुढे जाऊन भांग पाडू लागले. जरा वेळाने तिथूनच आवाज आला, “न्हावी तसा मंगळवारीही उघडा असतो म्हणा.”