बिनआवाजाचा शाप

रंगभूषा करणाऱ्या नीवेसनं डेल्फिनाच्या गालावर काजळीचा आणखी एक हात फिरवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि ती म्हणाली, "अजून भाजलेली दिसत नाहीस गं. नुसती दमलेली दिसतेस."

"जाळल्यावर दिसेन," डेल्फिना म्हणाली.

किल्ल्याच्या अंगणात चिता रचून तयार होती. तीनशे वर्षांपूर्वी एका दुष्ट सरदारानं एका निरपराध बाईला चेटकीण ठरवून जिवंत जाळलं, मरताना तिनं त्याच्या सात पिढ्यांना शाप दिला आणि तेव्हापासून किल्ल्यात तिचं भूत हिंडू लागलं, अशी चित्रपटाची गोष्ट होती. खऱ्या किल्ल्याच्या खऱ्या मालकाला भुतांचं काही वाटत नव्हतं. त्याला काळजी भिंतींची होती. जाळ एकदाच लावायचा, भिंत काळी होवो न होवो, दुसऱ्यांदा काडी ओढू देणार नाही, असं बजावून तो सकाळपासून खुर्ची टाकून भिंतीसमोर बसला होता.

चित्रपट इटलीचा, पण श्रेयनामावलीत सगळ्यांना इंग्रजी नावं मिळणार होती. रोमच्या प्रेक्षकाला रोमच्या माणसानं बनवलेलं भूत खरं वाटत नाही. त्यामुळे दिग्दर्शक रुज्जेरो पडद्यावर रॉजर विंटरफील्ड होणार होता आणि डेल्फिना डोरीन ब्लेक. नीवेसलाही विचारलं होतं. ती म्हणाली, माझी आई सिनेमाला येते, तिला मी सापडले पाहिजे.

आवाजाचं तर काहीच अडत नव्हतं. चित्रीकरणात तो कोणी मुद्रित करतच नसे. सगळे संवाद नंतर रोमच्या स्टुडिओत ओठांवर बसवायचे. सरदाराची भूमिका करणारा हेल्मुट जर्मन होता. तो क्रूर चेहरा करून आपल्या गावाकडच्या रेल्वे स्थानकांची नावं घेई. नायिका प्रेमप्रसंगात आकडे मोजी. पटकथेतले शब्द पाठ करणारी सगळ्या ताफ्यात एकटी डेल्फिना होती, आणि नाटकवाली म्हणून तिची त्यावरून थट्टा होई.

आज तिनं पटकथा खोलीतच ठेवली होती.

"चल, डेल्फिना," रुज्जेरोनं स्वतः येऊन तिला हात दिला. "सांभाळून. मी वर गेलो की अत्तिलिओ मला जाब विचारेल."

हे त्यानं निर्माते झानेल्लीसाहेबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं. अत्तिलिओ म्हणजे डेल्फिनाचा नवरा. युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अब्रुझोच्या डोंगरात, नाटक कंपनीच्या दौऱ्यावर असताना गेला. रुज्जेरो तेव्हा त्याच कंपनीत होता. ही भूमिका रुज्जेरोनं तिला बोलावून दिली होती, आणि त्या दिवसापासून रोज जेवणाच्या टेबलावर तिला शेजारी बसवून तो ती गोष्ट सांगत होता. अत्तिलिओनं त्याच्या मांडीवर कसं डोकं ठेवलं, 'पोरा, रंगभूमी आता तुझ्या हाती' असं कसं म्हटलं आणि कसा प्राण सोडला. कालही सांगितली. झानेल्लीसाहेबांनी काटा खाली ठेवून डोळे टिपले होते. "हो ना, डेल्फिना?" असं रुज्जेरोनं विचारलं तेव्हा तिच्या तोंडात पाव होता. तिनं तो बराच वेळ चावला.

तिला खांबाला बांधलं. कपड्यांच्या आत ओलं कांबळं होतं, जाळ तिच्यापासून हातभर पुढे पेटणार होता. रुज्जेरो कॅमेऱ्याशेजारच्या पेटीवर उभा राहिला. झानेल्लीसाहेब त्याच्या मागे, कोटाची कॉलर वर करून.

"साहेब, ही बाई म्हणजे जुनं सोनं आहे," रुज्जेरो म्हणाला. "बघाच. हं, पेटवा. कॅमेरा. डेल्फिना, माझ्याकडे बघ. मीच तो सरदार आहे असं समज आणि दे शाप."

लाकडं सुकी होती. जाळ भसकन वर आला. डेल्फिनानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"रुज्जेरो," ती म्हणाली.

आरडाओरडा नव्हता. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीला कळावं अशा बेतानं ती एकेक शब्द ठेवत होती.

"रुज्जेरो, तू डॉक्टरला आणायला म्हणून गेलास. आमची एकुलती एक गाडी घेऊन गेलास. तिच्यात आमचे कपडे होते, पडदे होते, अत्तिलिओचा लोकरीचा कोट होता. घाटाच्या खाली डॉक्टर राहत होता. तू त्याच्या दारावरून गेलास आणि थांबला नाहीस. अत्तिलिओ रात्रभर गाडीच्या आवाजाकडे कान लावून पडला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, रुज्जेरो. तुझी मांडी तेव्हा रोमच्या वाटेवर होती."

खटपट करणारी सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. कोणीतरी हातातली बादली न वाजवता खाली ठेवली. हेल्मुटला भाषा येत नव्हती, तरी त्यानं टोपी काढली.

रुज्जेरोचं तोंड उघडं होतं. त्यातून एकच शब्द यायला हवा होता, 'थांबा'. पण तो उच्चारला असता तर चिता गेली असती आणि चितेबरोबर चित्रपट. त्यानं भिंतीसमोरच्या खुर्चीकडे पाहिलं, जाळाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"तू त्याचं मरण टेबलाटेबलावर वाढलंस," डेल्फिना म्हणाली. "तुझ्या घासाला त्याची चव येवो. तुझ्या खोलीला दार असो आणि ते कोणी न वाजवो. तू आजारी पड, रुज्जेरो, आणि कोणीतरी म्हणो, थांब, आत्ता डॉक्टरला घेऊन येतो."

मग तिनं मान टाकली, कारण पटकथेत तसं होतं.

जाळ बसेपर्यंत कॅमेरा फिरत राहिला. "बस," असं शेवटी रुज्जेरो म्हणाला ते कॅमेरावाल्याला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

झानेल्लीसाहेब पुढे आले. त्यांनी आधी डेल्फिनाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग रुज्जेरोकडे.

"मास्तर, पटकथेतला शाप फार पोचट होता. हाच ठेवा."

"साहेब, हे तिनं आपलं... ताकद यावी म्हणून काहीतरी... नंतर आपण लिहिलेलेच शब्द बसवू."

"ओठांवर बसणार नाहीत. ओठ काय म्हणताहेत ते आम्ही इतक्या जणांनी पाहिलं."

"पण नाव, साहेब."

"सरदाराचंच नाव रुज्जेरो करा. नाहीतरी त्याचं नाव माझ्या लक्षात राहत नव्हतं. गाडी तेव्हाही असे, घोड्याची. डॉक्टरही असे." साहेबांनी हातमोजे चढवले. "तुम्हाला काय अडचण आहे? तुम्ही तर रॉजर आहात."

कोणी हसलं नाही. मालक उठला, त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि समाधानानं पुन्हा बसला.

संध्याकाळी डेल्फिना ओलं कांबळं उतरवून खोलीत हात शेकत बसली होती. दारावर टकटक झाली. नीवेस उठून बाहेर गेली आणि रुज्जेरो आत आला. तो बसला नाही.

"मी परत फिरलो होतो," तो म्हणाला. "अर्ध्या वाटेतून. मग वाटलं, आता उशीर झाला असेल."

डेल्फिना हात शेकत राहिली.

"मांडीची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की मला ती आठवतेसुद्धा. एकच सांग. शेवटी तो माझ्याबद्दल काही म्हणाला?"

डेल्फिनानं हात पालथे केले. त्या रात्री डोंगरातल्या खोलीत सुपाचं एकच पातेलं होतं. अत्तिलिओनं दोन चमचे घेतले आणि वाटी सारली. 'पोरगं गारठून येईल गं,' तो म्हणाला होता. 'त्याच्यासाठी ठेव. आणि उशीर झाला म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस.' तिनं ठेवलं होतं. सकाळपर्यंत चार वेळा ऊन केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुझं नावसुद्धा काढलं नाही."

रुज्जेरोनं मान हलवली. आणखी काही येतंय का म्हणून तो थोडा थांबला. मग गेला. जाताना त्यानं दार हलक्या हातानं ओढून घेतलं, आत कोणी आजारी असावं तसं.