तीस सेकंदांची स्क्रिप्ट

"तीस सेकंद पुरत नाहीत? मशीनला काय आंघोळ करून यायचं असतं?" साहेब खेकसले.

रक्तपेढीच्या खिडकीसमोर माणसं ताटकळली होती. ऑपरेशन थिएटरची सिस्टर जाळीवर हात आपटत होती, "दोन पिशव्या द्या हो! पेशंट टेबलावर आहे!" आणि पिशव्यांची नोंद दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ: डेटाबेसशी संपर्क नाही.

ऑपरेटरबाई एकोणीस वर्षं सकाळी सहाला येत होत्या. सर्व्हर चालू करायचा, सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस उठल्याची खात्री करायची आणि मगच खिडकीवर पिशव्या देण्याचा प्रोग्राम लावायचा. गेल्या आठवड्यात साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं, "नुसतं बसून वाट बघायचा पगार घेता?" आणि हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनसाठी हुकमांची यादी, स्वतः लिहिली. मशीन चालू झालं की तीस सेकंद थांब, प्रोग्राम सुरू कर. आठवडाभर चाललं. आज सकाळी वीज गेली. परत आल्यावर, मध्येच बंद पडलेला डेटाबेस तीस सेकंदांहून जास्त वेळ आपल्या फायली तपासत बसला, आणि प्रोग्राम त्याच्याआधी सुरू होऊन बंद पडला.

"सरका," बाई म्हणाल्या. डेटाबेस एव्हाना उठला होता. त्यांनी प्रोग्राम हाताने लावला. "सिस्टर, घ्या पिशव्या."

मग त्यांनी स्क्रिप्ट उघडून तीस सेकंदांची ओळ खोडली. तिथे चार-पाच ओळी आल्या. दर दोन सेकंदांनी डेटाबेसच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या दारावर, टकटक करायची. उत्तर आलं तरच पुढे जायचं.

साहेब मागून वाचत होते. "एवढं येत होतं तर इतकी वर्षं का नाही केलंत?"

"केलं होतं. तुमच्या आधीच्या साहेबांनी लावू दिलं नाही. तुम्ही टायपिंग बघा, म्हणाले."

"बरं. सर्व्हर रूमची किल्ली ठेवा इथे. उद्यापासून रेकॉर्ड विभागात बसा. आता सहाला यायचं काम उरलं नाही."

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

तीन वाजता डॉक्टरांच्या बैठकीत ती स्क्रिप्ट भिंतीवर झळकली. सगळ्यात वर साहेबांचं नाव होतं.

"आणि डेटाबेस उठलाच नाही तर? ही अशीच टकटक करत बसणार?" मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

साहेबांची नजर ओळींवरून फिरली, कुठेच टेकली नाही. मग ती मागच्या खुर्चीवर बसलेल्या ऑपरेटरबाईंकडे आली. "बाई, सांगा ना जरा."

"साहेबांनी लिहिलंय. तेच सांगतील."

कुणीतरी खोकलं. बाईंनी चष्मा काढून काचा पुसल्या, परत लावला, आणि साहेबांच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिल्या.