प्याला पुढं गेला

सांगलीच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला सुवार्ताच्या बाकापर्यंत आला आणि तिचा हात पुढं झालाच नाही. "ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल, त्यानं आधी समेट करावा, मगच प्याला घ्यावा," असं पाळकसाहेब दर महिन्याला म्हणायचे. आज ते तिला टोचलं. प्याला तिनं शेजारणीकडं सरकवला आणि उपासना संपायच्या आतच ती बाहेर पडली.

थोरली बहीण करुणा इस्लामपूरला होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती एकदाही फिरकली नाही, आली ती थेट मातीला. त्या दिवसापासून सुवार्तानं तिच्याशी अबोला धरला होता.

इस्लामपूरच्या एसटीत तिला चैन पडेना. आई गेल्यापासून वर कुणी ऐकणारं आहे यावर तिचा विश्वास उरला नव्हता. मग हा आटापिटा कशासाठी? मधेच उतरून परत जावं असंही वाटलं. पण चर्च नसतं तर आपण या गाडीत कधीच बसलो नसतो, हे तिला कळत होतं.

करुणानं दार उघडलं. "आज कशी वाट चुकलीस?"

"ताई, प्याला घेता येईना गं."

करुणा दाराला धरून उभी राहिली. "म्या बी न्हाई घेतला, आई गेल्यापासनं. मागच्या बाकावर बसती आन् उठून येती." मग ती दारातून बाजूला झाली. "तिला तसं बघवत न्हवतं गं मला."

सुवार्ताचा राग गेला नव्हता. "मला बघवत व्हतं व्हय?" ती म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.