आनंदचे पान

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणे हे माझे काम. माझ्यानंतर दोन नव्या आवृत्त्या निघाल्या, तरी डोंबिवलीतल्या एका घरात मी अजून आहे.

सत्त्याण्णव साली एका सीडीतून मी प्रभाकररावांच्या संगणकावर आलो. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचा मुलगा आनंद अमेरिकेत शिकत होता. कॉलेजच्या संगणकावर त्याने स्वतःचे एक पान केले होते. त्यावर बर्फात उभा असलेला त्याचा फोटो होता आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य होते : ‘आई, मफलर छान, पण कान उघडे राहतात.’ त्याच्या आईने, सरोजबाईंनी, लगेच कानटोपी विणायला घेतली. ती पूर्ण होण्याआधीच आनंद अपघातात गेला.

त्यानंतर सरोजबाई रोज सकाळी चहा झाला की ते पान उघडत. इंटरनेट लावले की घरचा फोन अडकतो, म्हणून जोडणी न करता पान पाहण्याची सोय आनंदनेच अमेरिकेतून फोनवर सांगून करून दिली होती. एकदा उघडलेल्या पानाची प्रत मी संगणकातच ठेवत असे आणि तीच त्यांना दाखवत असे. पुढे कॉलेजने मूळ पान काढून टाकले. घरात ते कुणालाच कळले नाही.

नव्याण्णवच्या दिवाळीआधी प्रभाकररावांनी माळा झाडला, डबे पुसले आणि मग ते संगणकापुढे बसले. एका मासिकाबरोबर नव्या ब्राउझरची सीडी आली होती. सरोजबाईंनी आनंदच्या पानाचे काय होईल ते विचारले.

“अगं, पान अमेरिकेत आहे. इथलं पुसून तिथलं कसं जाईल?”

“बघा हं. मागच्या वर्षी तुम्ही माळा आवरलात, ती परात मला अजून सापडलेली नाही.”

ते हसले आणि त्यांनी मला काढून टाकले. साफसफाई अर्धवट नको, म्हणून मी ठेवलेल्या प्रतीही पुसल्या.

नव्या ब्राउझरला पान सापडेना. सरोजबाईंना वाटले, त्याला जमत नसेल. “जुनाच परत घाला,” त्या म्हणाल्या. “त्याला ठाऊक आहे.”

प्रभाकररावांनी जुनी सीडी शोधून मला पुन्हा बसवले. तीच चौकट, तीच बटणे. सरोजबाईंना पत्ता पाठ होता. त्यांनी तो लिहिला. मी कोराच राहिलो. इंटरनेट जोडून पाहिले, तरी पान आले नाही.

“हा तोच आहे ना?”

“तोच आहे.” प्रभाकररावांना आपण पुसलेल्या प्रती आठवल्या. “सरोज, ते इथेच होतं गं.”

मित्रांनो, जुने काढून टाकण्याआधी ते काय सांभाळत आहे, हे एकदा उघडून पाहा. त्याची प्रत करून ठेवा. इथे एक फ्लॉपी पुरली असती. सरोजबाई अजूनही सकाळी तो पत्ता लिहितात, आणि पान नाही, हे रोज मलाच त्यांना सांगावे लागते.