कुंकवाचं बोट

बोट मुंबईला लागल्याची नवऱ्याची, लवूची तार आली आणि कमळा उठली ती थेट परसातल्या मांगरातच गेली, गाडी ठेवली होती तिथे. उद्या सकाळच्या एस.टी.ने तो मिऱ्याला घरी पोचणार होता. गाडीवरची माडाची झापं तिने बाजूला केली, आरशावरची कोळिष्टकं पुसली.

गाडी बारा वर्षांची, विलायती. एका साहेबाकडून लवूने ती घेतली ती आतल्या एसीपायी. बोटीच्या इंजिनरूममध्ये जन्म उकडून काढलेल्या माणसाला दुसरी हौस कसली असणार! जाताना त्याने बजावलं होतं, "दर रविवारी दहा मिनिटं चालू कर, बाकी बटणांना हात लावू नको. गारवा मी आल्यावर खाऊ, दोघं मिळून."

कमळाला गाडी चालवता येत नव्हती, चालू करता येत होती. दहा महिने दर रविवारी ती चाकामागे बसून किल्ली फिरवी आणि समोरच्या चिऱ्याच्या भिंतीकडे बघत दहा मिनिटं मोजी. कोपऱ्यातलं निळं बटण तिला खुणावत असे. पण ठेवणीतलं लुगडं रोज कोण नेसतं? गारवासुद्धा तिने तसाच घडी घालून ठेवला होता.

आज मात्र म्हटलं, एकदा बघून ठेवू. तिने निळं बटण दाबलं.

बॉनेटखालून डुक्कर धरल्यासारखी किंकाळी आली. मागोमाग जळक्या रबराचा वास. तिने घाईघाईने किल्ली उलटी फिरवली.

पडवीतून सासू, गंगुबाई, ओरडली, "काय गो, कोणाक मारलंस?"

"कोणाला नाय, आये!"

मिरकरवाड्यात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा रावजी मिस्त्री दुपारी आला. त्याने बॉनेट उघडलं आणि एका लोखंडी डब्याच्या तोंडावरची चकती हाताने फिरवून बघितली. हलेना.

"वयनी, ह्यो कॉम्प्रेसर, गारवा करणारा. ह्यो धरलाय."

"म्हणजे?"

"आतून जाम. दहा महिने एकदा तरी चालवलात?"

"नाय. यांनीच सांगितलं होतं, आल्यावर लावू म्हणून."

"हितली हवा खारी. आतलं तेल फिरायला नको? बसल्या जागी बसला."

कमळा वाकून बघायला लागली. "पण इंजिन तर दर रविवारी फिरत होतं. मग हा का नाय फिरला?"

रावजीला असे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक सहसा भेटत नसे. तो खुलला. "ही बाहेरची पुली पट्ट्याबरोबर फुकटची फिरते. बटण दाबलं की ही चकती तिला चिकटते, तेव्हा आतला दांडा फिरतो. आज चकती चिकटली, पण दांडा जागचा हलेना. मग पट्टा बोंबलणार नाय तर काय!"

त्याने चकतीला पकड लावली, पकडीला पाइप अडकवला आणि अंगातलं सगळं बळ काढून पुढे रेटलं. गाडी हलली, चकती नाही.

"पट्टा काढून ठेवतो," कपाळ पुसत तो म्हणाला. "गाडी चालेल, गारवा तेवढा नाय. नवीन मुंबईहून आणावा लागेल."

"काढू नका. पकड ठेवून जा, संध्याकाळी या."

"वयनी, तुमच्याच्याने—"

"तुम्ही जाऊन तर या."

रावजी गेल्यावर ती चकतीकडे बघत राहिली. जात्यात खडा अडकला की नवी सून खुंटा पुढेच रेटते आणि हात सोलून घेते. कमळानेही घेतले होते. तेव्हा गंगुबाईने तिचा हात धरून शिकवलं होतं: आधी मागे, बोटभर. मग पुढे. मग परत मागे.

हलतंय की नाही हे कळायला खूण हवी. तिने करंडा आणला, चकतीच्या काठावर कुंकवाचं एक बोट लावलं आणि त्याच्या समोरच पुलीवर दुसरं. पुलीला डाव्या हाताने पट्ट्यासकट गच्च धरलं, उजव्याने पकड. मागे. पुढे. मागे.

तासाभरात काही नाही. गंगुबाई चहा घेऊन आली. "दळण काढलंस वाटतं. पीठ कुठाय?"

"येईल, आये."

ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा कुंकवाच्या दोन बोटांमध्ये केसाएवढी फट दिसली. परत मागे, परत पुढे. फट तांदळाएवढी झाली. मग आत काहीतरी कुरकुरलं आणि चकती सबंध फिरली.

रावजी आला तेव्हा ती एका बोटाने चकती फिरवत बसली होती. त्याने इंजिन चालू केलं, निळं बटण दाबलं. पट्टा थोडा कुरकुरला, मग गप्प झाला. दोन मिनिटांनी जाळीतून गार हवा आली. कमळाने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. पहिला गारवा एकटीने खाल्ल्यासारखं वाटलं तिला.

"सुटला म्हणजे बरा झाला असं नाय हां," रावजी म्हणाला. "किती टिकेल सांगता येत नाय. आणि लवूदादाला बोलू नका. न सांगता त्याला काय कळतंय?"

तिलाही सांगू नये असंच वाटत होतं. दहा महिन्यांत त्याने एकच वस्तू सांभाळायला दिली होती.

सकाळी लवू आला, आईच्या पाया पडला आणि चहाच्या आधी मांगरात गेला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. कमळा दारातच थबकली.

"ह्याची पूजा केलीस काय गो?" तो हसत होता. "कुंकू लावलंस!"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"पूजा नाय," ती म्हणाली. "जाम झाला होता. मी एकदाही लावला नाय, म्हणून. काल सोडवला."

लवूचं हसू मावळलं. तो वाकून कुंकवाच्या त्या बोटाकडे बघत राहिला.

"बोटीवर बंद असलेला एकेक पंप आम्ही रोज हाताने फिरवतो," तो म्हणाला. "धरू नये म्हणून. आणि घरी सांगून गेलो, हात लावू नको!" त्याने तिच्या सोललेल्या तळव्याकडे बघितलं. "कसा सोडवलास? दाखव."

त्याने पकड लावली आणि सवयीने पुढे जोर दिला. कमळाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, असं नाय. आधी मागे."