बाबलीचे दोन नारळ

सात पंचांच्या पंचायतीत चार इकडे नि तीन तिकडे, म्हणजे खुर्ची कायम डगमगतीच. हळर्ण्यापलीकडच्या त्या गावात सरपंच होती गौरवी, आणि तिच्या चारांतली एक होती तिची धाकटी जाऊ क्षमा. घरात पंच दोन, चूल एक. निवडून आल्यावर ठरलं होतं, अर्धी मुदत गौरवीची, अर्धी क्षमाची. अर्धी सरली. गौरवी म्हणाली गणपतीची चवथ होऊ दे, मग म्हणाली दिवाळी होऊ दे, मग काहीच म्हणेना. खुर्चीला एकदा बूड टेकलं की उठवत नाही हो, मग समोर घरची जाऊ का असेना.

पलीकडच्या तिघांचा पुढारी बाबली. त्यानं नेमकं हेच हेरलं. "अविश्वास ठरावाक हात वर कर, सरपंच तू," तो क्षमाला म्हणाला. रागाच्या भरात ती हो म्हणून बसली आणि मग तिला उमगलं. खुर्ची मिळेल, पण घर फुटेल. गौरवीच्या हातचं खाऊन वाढलेली तिची पोरं कुठल्या चुलीशी बसणार? पण शब्द गेला होता. निदान बाबलीनं तरी फिरू नये म्हणून तिनं अट घातली, देवळात सगळ्यांसमोर देवापुढे नारळ ठेवून शब्द द्यायचा.

बाबलीला त्यात काय जड? ठरावाच्या आदल्या सकाळी त्यानं क्षमाला आणि आपल्या दोघांना देवळात आणलं. त्यांतला सुदेश तर कडक इस्त्रीचे कपडे घालून, लग्नघरी आल्यासारखा. सगुण गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं. आता गाऱ्हाणं ही काही कानात सांगायची गोष्ट नव्हे. देवाला सगळं मोठ्यानं, नावानिशी सांगायचं, आणि आधीचा शब्द सोडवल्याशिवाय नवा घालायचा नाही. मतं मोजण्याच्या नादात बाबली हेच विसरला.

"बा देवा म्हाराजा, आदल्या सोमारी ह्याच बाबलीन सुदेशाक सरपंच करतंय म्हणान नारळ ठेवललो..."

"होय म्हाराजा," सगळे सवयीनं म्हणाले.

"तो शब्द आता सोडव. आज तो क्षमाक सरपंच करतंय म्हणता..."

ह्या वेळी होय म्हाराजा कुणीच म्हटलं नाही. सुदेशनं बाबलीकडे पाहिलं आणि चपला पायांत सरकवल्या. "उद्या माका बोलवू नको," एवढंच बोलून तो निघाला. ठरावाच्या बाजूच्या चारांचे झाले तीन. ठराव तिथेच बुडाला.

"सगुणकाका, माझाही शब्द सोडवा," क्षमा म्हणाली. काकांनी सोडवला. छातीवरचा धोंडा उतरला तिच्या. देवळाची पायरी उतरताना तिला रडू येत होतं नि बरंही वाटत होतं.

ती घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. गौरवी पेज वाढत होती.

"खुर्ची हवी होती तर मला सांगायचं."

"चारदा सांगितलं, वैनी."

गौरवीनं पळी खाली ठेवली. "सांगितलंस खरं. मला वाटलं, घरचीच आहे, जाते कुठे?" "उद्याची सभा होऊन जाऊ दे, परवा राजीनामा देते."

"दिवाळी होऊ दे म्हणणार नाहीस ना?"

"नाही गो," गौरवी म्हणाली, "तू जाऊ शकतेस, हे आज कळलं."